वडिलांची मान दुखते, वयाचं समजून सोडून द्यायचं का? (जरा लांब उत्तर आहे)

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. वडील ७२ वर्षांचे, अमळनेर तालुक्यात शेती, दोन महिन्यांपासून मान दुखते, एक्सरेत 'मणके घासलेत' असं निघालं, गळ्यात पट्टा दिलाय, तो लावून दिवसभर खाटेवर बसून असतात, आई म्हणते नाटकं आहेत, आणि तुम्हाला विचारायचंय की या वयात हे सगळ्यांनाच असतं का, किती मनावर घ्यायचं आणि त्यांची मोटारसायकल बंद करायची का. मी फिजिओ आहे, जळगावात २१ वर्षं झाली, रोज पाच-सहा तरी माना हाताखालून जातात, म्हणून सविस्तर लिहितो. टाइम काढून वाचा.

पहिलं म्हणजे हो, कॉमन आहे. खूपच. माझ्याकडे येणारा दर दुसरा आबा, नाना, अप्पा टेबलावर बसता बसता हेच म्हणतो, "वय व्हयनं आते, दुखीच ना!" आणि ते अर्धं खरं आहे. जगभरच्या आजारांचा जो मोठा हिशोब मांडतात त्यात २०२० साली २० कोटी ३० लाख लोकांना मानेचा त्रास होता असं निघालं, आणि २०५० पर्यंत तो आकडा २६ कोटी ९० लाखांवर जाईल असा अंदाज आहे, मुख्यतः लोकसंख्या वाढतेय आणि म्हातारी होतेय म्हणून. जोर सगळ्यात जास्त ४५ ते ७४ या वयात, म्हणजे तुमचे वडील बरोबर त्यात बसतात. त्याच हिशोबात बायकांचं प्रमाण लाखामागे २९०० च्या आसपास आणि पुरुषांचं २००० च्या आसपास आहे. आता पुरुषांचा आकडा खरंच कमी असेलही, मी नाही म्हणत नाही, पण आपल्याकडचा म्हातारा माणूस दुखणं सांगत नाही हो, तो एकेक काम गुपचूप सोडून देतो. घरच्यांना वाटतं आता वय झालं, कंटाळा येतो, आणि तुमच्या आईंना वाटतं नाटकं.

दुखणं आणि अडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमच्या प्रश्नात त्या एकत्र झाल्यात. २००० ते २०१० या दशकात मानदुखीवर एक आंतरराष्ट्रीय टास्क फोर्स बसली होती, तिने जगभरचे अभ्यास एकत्र करून सांगितलं की मोठ्या माणसांना 'गेल्या वर्षभरात मान दुखली का' असं विचारलं तर १०० मधले ३० ते ५० जण हो म्हणतात. पण 'त्यामुळे रोजची कामं अडली का' असं विचारलं की हेच प्रमाण २ ते ११-१२ टक्क्यांवर येतं. म्हणजे बहुतेकांची मान दुखते आणि ते कामं करत राहतात, थोड्यांची दुखते आणि आयुष्य आखडतं. तुमचे वडील कुठल्या गटात आहेत हे एक्सरे सांगू शकत नाही. ते तुम्हाला घरी बसून बघावं लागेल.

त्या टास्क फोर्सने मानदुखीचे चार दर्जे पाडलेत, आणि मला ते रोजच्या कामात फार उपयोगी पडतात. पहिला, दुखतं पण काही अडत नाही. दुसरा, दुखतं आणि रोजचं काम अडतं. तिसरा, नस दबल्याची लक्षणं आहेत, हातात कळ जाते, मुंग्या येतात, हाताची ताकद कमी होते. चौथा, आत काहीतरी मोठं आहे, फ्रॅक्चर, टीबी, कॅन्सर किंवा मज्जारज्जूलाच धक्का. माझ्याकडचे बहुतेक म्हातारे पहिल्या-दुसऱ्यात असतात. त्यातले दुसऱ्या दर्जाचे लोक घरात सगळ्यात जास्त दुर्लक्षित, कारण दिसायला काहीच नाही, ना प्लास्टर, ना सूज.

आता अडतं म्हणजे काय ते सांगतो. मी 'दुखतं का' असं विचारतच नाही, 'काय सोडलं' असं विचारतो. पहिल्यांदा म्हणतात काही नाही, सगळं करतो. मग मी विचारतो, पाणी कसं पिता? आपल्याकडची जुनी माणसं तांब्या वर धरून, मान मागे टाकून, ओठ न लावता वरून पाणी पितात ना, ते मान मागे जाईनाशी झाली की बंद होतं आणि माणूस गपचूप ग्लासला तोंड लावायला लागतो. घरात कोणाच्याच लक्षात येत नाही. मग दाढी, हनुवटीखालचे केस राहून जातात. मग केळीच्या बागेत वर बघून घड बघणं. मग बाजाराच्या दिवशी रस्ता ओलांडणं, कारण उजवीकडे-डावीकडे बघायला पूर्ण अंग वळवावं लागतं, आणि आता सगळीकडे चौपदरी रस्ते, गाड्या अंगावर येतात. एकदा भीती बसली की बाजार बंद. बाजार बंद झाला की चार मित्र बंद. मग संध्याकाळी ओट्यावरची बैठकपण बंद, कारण तिथे बाजूला बसलेल्या माणसाकडे मान वळवूनच बोलावं लागतं. मग उरते खाट आणि टीव्ही, आणि टीव्ही बघताना मान पुढे.

१९९१ साली एक प्रश्नावली निघाली मानेसाठी, १० प्रश्न, ५० मार्क, जगभर वापरतात. ४ पर्यंत मार्क म्हणजे काही अडत नाही, १५ च्या पुढे मध्यम, २५ च्या पुढे जास्त. चांगली आहे, मीपण वापरतो, पण त्यात वाचन आहे, कार चालवणं आहे, आणि समोर बसलेला माणूस म्हणतो मी वाचत नाही आणि कार नाही, मग मार्क कमी येतात आणि कागदावर तो ठणठणीत. म्हणून मी माझे पाणी, दाढी, बाजार, ओटा हे प्रश्न बाजूला लिहून ठेवतो. तुम्ही आज संध्याकाळी वडिलांशी गप्पा मारता मारता हेच विचारा, चौकशी केल्यासारखं नको, नाहीतर 'मी बरा आहे' म्हणून विषय संपवतील.

एक्सरेबद्दल. 'मणके घासले' या शब्दाने जेवढे लोक खाटेवर बसवलेत तेवढे दुखण्यानेपण बसवले नसतील असं माझं स्पष्ट मत आहे. माणसाच्या डोळ्यासमोर पिठाची गिरणी येते, दोन दगड, मध्ये हाड. त्याला वाटतं मान हलवली की अजून घासेल, म्हणून तो हलवतच नाही, आणि न हलवल्याने मान अजून आखडते. आता हे बघा, जपानमध्ये मान अजिबात न दुखणाऱ्या ४९७ लोकांचे एमआरआय काढले होते, १९९८ साली तो अभ्यास छापून आला. साठीच्या पुढच्या पुरुषांमध्ये मणक्यांमधल्या जेवढ्या गाद्या बघितल्या त्यातल्या ८६ टक्के झिजलेल्या निघाल्या. न दुखणाऱ्या! विशीतल्या पोरांमध्येपण १७ टक्के गाद्या. म्हणजे केस पांढरे होतात तसंच आहे ते बऱ्यापैकी. झीज आहे हे खरं, पण दुखणं झिजेमुळेच आहे हे एक्सरे बघून छातीठोक सांगता येत नाही. म्हणून वडिलांना सांगताना 'घासलेत' म्हणू नका, 'वयाप्रमाणे बदल आहेत, मान हलवलेली चालते' असं सांगा. शब्दाने फरक पडतो, खोटं वाटेल पण पडतो.

गळ्यातला पट्टा काढा. म्हणजे एकदम आजच्या आज फेकू नका, पण त्याआधी पुढे लिहिलेली हात-पायाची लक्षणं आणि पडण्याबिडण्याचं बघून घ्या. त्यातलं काही नसेल तर आठवड्याभरात सुटला पाहिजे. प्रवासात, खड्ड्याच्या रस्त्यावर, फारच कळ असेल तर थोडा वेळ ठीक. दोन महिने सतत लावला की मानेचे स्नायू आळशी होतात, डोकं साडेचार-पाच किलोचं असतं, ते तोलायचं काम पट्ट्याकडे गेलं की स्नायूंना वाटतं आपली ड्युटी संपली. पट्टा लावून चालताना पायाखालचं पण दिसत नाही, म्हाताऱ्या माणसाला पडायची भीती वेगळी.

आता महत्त्वाचं, आणि हे नीट वाचा, बाकीचं नाही वाचलं तरी चालेल. चार-पाच वर्षांपूर्वी यावलकडचे एक नाना आले होते, ६८ वय, मुलगा घेऊन आलेला. मानेला थोडी कळ, बाकी तक्रार नाही. शुगर होती म्हणून हातापायाच्या मुंग्या शुगरच्या समजून दोन वर्षं गोळ्या चालू. बोलता बोलता मुलगा कौतुकाने म्हणाला, नानांनी तंबाखू सोडली, ४० वर्षांची सवय, कोणी न सांगता. मी नानांकडे बघितलं तर नाना खाली बघत होते. मी खिशातली चुन्याची डबी मागितली, डबी होती खिशात! म्हटलं मळून दाखवा. डाव्या तळहातावर तंबाखू घेतली, उजव्या अंगठ्याने मळायला गेले, अंगठा सरकेना, तंबाखू सगळी मांडीवर सांडली. दोनदा प्रयत्न केला. मग हळूच म्हणाले, "मळताच येत नाही, म्हणून सुटली." शर्टाची बटणं बायको लावून देत होती, तेही तेव्हाच कळलं, आणि चालताना एक चप्पल पायातून निसटून मागे राहायची आणि त्यांना पत्ता नसायचा.

ते मानेतल्या मज्जारज्जूवर दाब येण्याचं दुखणं होतं, त्याला मायलोपॅथी म्हणतात. त्यात गंमत अशी की मान फारशी दुखतच नाही कित्येकांना, म्हणून कोणी मानेकडे बघत नाही. हात बधिर म्हणून मनगटाची नस समजतात, चालणं अडखळतं म्हणून गुडघे समजतात, किंवा शुगर समजतात, आणि परदेशातल्या चांगल्या चांगल्या दवाखान्यातसुद्धा निदान व्हायला सरासरी दोन वर्षांच्या वर लागतात असं अभ्यासात निघालंय. नानांचा एमआरआय झाला, ऑपरेशन झालं, चाल बऱ्यापैकी सुधारली, बोटं पहिल्यासारखी झाली नाहीत. ऑपरेशन मुख्यतः पुढचं नुकसान थांबवायला असतं, गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, म्हणून लवकर सापडणं फार महत्त्वाचं.

घरी बघायची सोपी टेस्ट आहे. वडिलांना हात समोर धरून मूठ पूर्ण बंद, पूर्ण उघडी, असं जमेल तितक्या भरभर करायला सांगा, १० सेकंद मोजा. २० च्या आसपास व्हायला पाहिजे, सत्तरीच्या माणसाला थोडं कमी झालं तर चालतं, पण १०-१२ वर अडकले किंवा बोटं उघडताना अडखळत असतील तर थांबू नका. मान पुढे वाकवली की पाठीतून करंट गेल्यासारखं वाटतं का विचारा. अंधारात तोल जातो का, लघवीला घाईची लागते किंवा अडते का (हे प्रोस्टेटनेपण होतं, तरी विचारा). यातलं काही असेल तर माझ्यासारख्या फिजिओकडे नका येऊ आधी, न्यूरोसर्जन किंवा स्पाइनवाल्या ऑर्थोकडे जा.

याशिवाय अजून काही गोष्टींना 'वयामुळे' म्हणायचं नाही. दुखणं रात्री झोपेतून उठवतं, वजन उतरतंय, संध्याकाळी बारीक ताप येतो, असं असेल तर आपल्याकडे मणक्याचा टीबी आधी डोक्यात यायला पाहिजे, आणि या वयाच्या पुरुषात प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात उतरणंही. पडल्यानंतर मान दुखायला लागली असेल, अगदी ओट्यावरून घसरले, बाथरूममध्ये पाय सटकला एवढंच असेल, तरी फोटो काढायचाच, सत्तरीच्या पुढे वरच्या दुसऱ्या मणक्याचं फ्रॅक्चर साध्या पडण्यानेपण होतं आणि माणूस चालत-बोलत असतो. चढ चढताना, भरभर चालताना मान-जबडा-डावा हात दुखतो आणि थांबलं की दुखायचा बंद होतो, ते मानेचं नाही, हृदयाचं आहे, ईसीजी करा. आणि शुगरवाल्या म्हाताऱ्या पुरुषांमध्ये मणक्यांच्या पुढच्या बाजूला हाडाचा थर चढतो, मान लाकडासारखी होते, क्वचित घास गिळताना अडकतो, हेपण बघतो मी अधूनमधून.

चक्कर. हे तुम्ही विचारलं नाही पण विचारणारच, कारण खान्देशात मान दुखते म्हटलं की लगेच 'सर्व्हायकलची चक्कर' जोडतात. कुशीवर वळताना किंवा खाटेवरून उठताना दहा-वीस सेकंद घर फिरतं, ती बहुतेक वेळा कानातल्या कणांची चक्कर असते, डोकं ठरावीक पद्धतीने फिरवून पाच मिनिटांत बसवता येते, गोळ्या वर्षभर खायची गरज नाही. आणि उभं राहिल्यावर अंधारी येते ती बीपीच्या गोळीची असू शकते. मानेने चक्कर येत नाही असं नाही, पण जेवढं नाव आहे तेवढी ती सापडत नाही.

मग करायचं काय. समजा वरचं धोक्याचं काही नाही, साधी आखडलेली म्हातारी मान आहे, ९० टक्के तेच असणार बघा. शेक द्या सकाळ-संध्याकाळ १५ मिनिटं, गरम पाण्याची पिशवी, नाहीतर तव्यावर गरम केलेलं फडकं, शुगर असेल तर चटका बसणार नाही एवढं बघा. उशी एकच, आणि कुशीवर झोपल्यावर कान आणि खांदा यातली जागा भरेल एवढी जाड. महागडी कंबर-मान स्पेशल उशी ऑनलाइन मागवायची गरज नाही, पातळ टॉवेलची गुंडाळी करून उशीच्या अभ्र्यात खालच्या कडेला सारली की काम होतं. उन्हाळ्यात सगळे अंगणात नाहीतर गच्चीवर खाटेवर झोपतात, मधोमध झोळ पडलेल्या खाटेवर, आणि सकाळी मान धरली की दोष कूलरच्या हवेला! खाटेची नवार ताणून घ्या आधी.

व्यायाम तीनच सांगतो, जास्त सांगितले की एकही होत नाही. एक, ताठ बसून हनुवटी सरळ मागे ओढायची, समोरच्याच्या तोंडाला वास येतोय आणि आपण मागे सरकतोय तसं, वर-खाली न बघता, पाच सेकंद धरायचं, दहा वेळा. दोन, तळहात कपाळावर लावून डोक्याने हाताला दाबायचं आणि हाताने डोक्याला अडवायचं, मान हलली नाही पाहिजे, मग तसंच दोन्ही बाजूंनी आणि मागून, जोर निम्मा लावा, पहिलवानकी नको. तीन, दोन्ही खांदे मागे नेऊन पाठीची पाती एकमेकांकडे आणायची. दिवसातून दोनदा, सहा ते आठ आठवडे. शिवाय मान दोन्ही बाजूला जेवढी आरामात वळते तेवढी दिवसभरात वळवत राहायची. आणि चालायचं, संध्याकाळी ओट्यापर्यंत का होईना. चष्मा बायफोकल, म्हणजे वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर असलेला असेल तर मोबाइल बघताना ते हनुवटी वर करून खालच्या काचेतून बघतात का ते तपासा, तसं असेल तर वाचायचा वेगळा चष्मा करून द्या. याने किती तरी माना मी हात न लावता बऱ्या झालेल्या बघितल्यात.

पेनकिलर. मेडिकलवरून डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक आणून महिनोन्‌महिने खाणं बंद करा. ७२ वर्षांची किडनी, त्यात बीपीची गोळी असली तर, त्यात आपल्याकडचा मे महिना, ४५ डिग्री, पाणी कमी पिणं, हे सगळं जमलं की क्रिएटिनिन (किडनीचं काम बघायची रक्ततपासणी) वाढायला वेळ लागत नाही. चार-सहा दिवस डॉक्टरला विचारून ठीक. आणि कटिंगला गेल्यावर न्हाव्याकडून मान कडकन मोडून घेतात ना, ते कडक बंद. मेंदूला रक्त नेणारी धमनी मानेच्या मणक्यांतूनच वर जाते, झटक्याने ती आतून फाटू शकते. चंपी करा म्हणावं, मोडू नका.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो म्हणजे नंतर मला शिव्या नको, मान बरी झाली तरी परत दुखू शकते. एकदा मान दुखलेल्यांपैकी ५० ते ८५ टक्के लोक एक ते पाच वर्षांत परत तक्रार करतात. तेव्हा परत एक्सरे काढत बसू नका, व्यायाम परत चालू करा.

राहिली मोटारसायकल. वडील खुर्चीत बसलेले असताना तुम्ही त्यांच्या मागे उजवीकडे उभे राहा आणि खांदे न हलवता मान वळवून तुम्ही किती बोटं दाखवताय ते सांगायला सांगा, मग डावीकडून. हनुवटी खांद्याकडे निम्म्याच्या वर वळत असेल, मुठीची टेस्ट नीट असेल, हाताला मुंग्या नसतील तर गावातल्या गावात आणि शेतापर्यंत चालवू द्या. हायवे सध्या नको. गाडी एकदम काढून घेतलीत तर ते शेतात जाणं सोडतील आणि मग खाट पक्की. आणि गाडीला दोन्ही आरसे लावा. पार्किंगमध्ये अडकतात म्हणून आपल्याकडे निम्म्या गाड्यांचे आरसे काढून घरात ठेवलेले असतात, तुमच्याकडेही माळ्यावर असतील बघा. मुठीचे आकडे कळवा, दोन्ही हातांचे वेगवेगळे.